दोनशे तासांचा जमाखर्च

नागपूरच्या पूर्वेकडील नंदनवन या वसाहतीत मुलामुलींच्या भवितव्याविषयी आजवर जे निर्णय झाले, त्यांत आकाशाचा संबंध क्वचितच आला असेल. केडीके अभियांत्रिकी महाविद्यालय चालत जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे ज्यास दुसरे काही सुचत नाही त्याने अभियंता व्हावे, ज्यास तेही सुचत नाही त्याने स्पर्धा-परीक्षांची पुस्तके घेऊन अभ्यासिकेत बसावे, आणि ज्याच्या वडिलांचे जगनाडे चौकात दुकान आहे त्याने या दोन्ही गोष्टी चार-पाच वर्षे करून पाहून अखेरीस गल्ल्यावर यावे, असा एक अलिखित परंतु सर्वमान्य शिरस्ता येथे रूढ आहे. अशा वसाहतीत, आमच्या भिंतीस भिंत लागून राहणाऱ्या गृहस्थांच्या कन्येने, बारावीस भौतिकशास्त्र आणि गणित या दोन्ही विषयांत उत्तम गुण मिळवून, आपण व्यावसायिक वैमानिक होणार असल्याचे जाहीर केले, तेव्हा तिच्या तीर्थरूपांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "त्याचा फार्म कुठीसा भेटते?"

कन्या हसली, मला मात्र त्यात हसण्यासारखे काही आढळले नाही. गृहस्थ जिल्हा परिषदेत वरिष्ठ सहायक आहेत, मी लेखापरीक्षणाच्या खात्यात उभी हयात काढून निवृत्त झालो आहे, आणि आम्हां दोघांचाही दृढ अनुभव असा की, या देशात मनुष्य जे काही होतो ते विहित नमुन्यात अर्ज करूनच होतो. जन्माला आल्याचा दाखला लागतो आणि मेल्याचा तर त्याहून अधिक प्रतींत लागतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते एक कोरी नोंदवही घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "काकाजी, तुम्ही जनमभर सरकारचे हिशेब तपासले. पोरगी म्हन्ते पायलट व्हायचे सहा-सात रस्ते आहेत. येवढे रस्ते असल्यावर मानूस चुकनारच न जी! जरा तपासून द्या." नकार देण्याचे मला कारण नव्हते. निवृत्तीनंतर माझ्या हाती तपासण्यासारखे फक्त किराण्याचे बिल उरले होते, आणि तेही आमच्या घरात माझ्याआधीच तपासले जाते.

चौकशीचा प्रारंभ मी नियमांपासून केला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा दंडक असा की, परवाना मागणाऱ्याच्या वयास अठरा वर्षे पूर्ण असावीत, त्याची प्रकृती द्वितीय आणि पुढे प्रथम वर्गाच्या वैद्यकीय तपासणीस उतरावी, आणि त्याने किमान २०० तास उड्डाण केलेले असावे. त्यांपैकी १०० तास स्वतः प्रमुख वैमानिक या नात्याने, त्यांतले २० एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्यात, शिवाय १० तास केवळ उपकरणांवर दृष्टी ठेवून आणि ५ तास रात्री. याखेरीज एक प्रवास किमान ३०० सागरी मैलांचा हवा, आणि त्यात दोन निराळ्या विमानतळांवर उतरलेले असले पाहिजे. ज्या नगरीस कोणत्याही दिशेने समुद्र जवळ नाही, तेथील कन्येने आपली विद्या सागरी मैलांत मोजून द्यावी, ही अट मला किंचित अन्यायाची वाटली. पण आक्षेप नोंदवण्यापलीकडे लेखापरीक्षक काही करू शकत नाही.

मग सवयीने मी २०० तासांस २४ ने भागले. उत्तर आले आठ दिवस आणि आठ तास. जन्मभराची चाकरी ज्या विद्येवर मिळते, तिचा हवेतला भाग आठ दिवस आठ तासांत आटोपतो आणि तरीही तो पुरा व्हावयास दीड-दोन वर्षे लागतात, ही विसंगती मी लाल शाईने अधोरेखित केली. बाकीचा काळ जातो कोठे? तो जमिनीवर जातो. विमान दुरुस्तीस गेलेले असते, शिक्षक रजेवर असतो, उत्तरेकडे डिसेंबर-जानेवारीत धुके पडते, आमच्याकडे जून ते सप्टेंबर ढग असतात, आणि मे महिन्यात विदर्भातला पारा ४५ अंशांपुढे गेला म्हणजे तापलेली हवा इतकी विरळ होते की लहान विमानास उचल कमी मिळते, धावपट्टी अधिक लांब लागते, आणि शहाणी माणसे ऊन चढण्याच्या आत उडून परत येतात. वैमानिक होणे हा प्रामुख्याने वाट पाहण्याचा उद्योग आहे, असा शेरा मी वहीच्या पहिल्याच पानावर मारला.

गृहस्थांनी वही आपल्याकडे ओढून दुसराच भागाकार केला. घरगुती अंदाजाने या शिक्षणास ५० लाख रुपये धरले, तर तासास २५ हजार आणि मिनिटास ४१६ रुपये पडतात. त्यातही उड्डाणाचा काळ हा चाके जमीन सोडतात तेथून मोजला जात नाही. उडण्याच्या हेतूने विमान स्वतःच्या बळावर जागेवरून हलले त्या क्षणापासून ते परत येऊन स्तब्ध उभे राहीपर्यंत तो चालू असतो, हे कन्येने समजावून सांगताच गृहस्थांचा चेहरा उतरला. "म्हंजे लाइनीत नंबर लावून उभं राह्यलं तरी मीटर चालूच?" ज्या शहरात रिक्षावाल्याने मीटर टाकल्याचे कोणाच्या स्मरणात नाही, तेथील नागरिकास या गोष्टीचा धक्का बसणे स्वाभाविक होते.

कन्येने मात्र वाट पाहण्याचे काम घरीच सुरू करून टाकले होते. हवाई मार्गनिर्देशन, हवामानशास्त्र, विमानविषयक नियम आणि तांत्रिक ज्ञानाचे दोन कागद, एक सर्वसाधारण व एक विशिष्ट विमानाविषयीचा, अशा परीक्षा महासंचालनालय घेते आणि प्रत्येकीत शेकडा ७० गुण मिळवावे लागतात. आमची पिढी ३५ गुणांवर पेढे वाटीत असे. दुपारी व्हरांड्यात बसून ती एका गोल पट्टीशी झटत असते. हिला एकावर एक फिरणाऱ्या चकत्या असतात. मधल्या पारदर्शक चकतीवर पेन्सिलीने वाऱ्याचा ठिपका द्यावयाचा, चकती फिरवावयाची, ठिपका मधल्या रेषेपासून किती अंश सरकला ते वाचावयाचे, म्हणजे विमानाचे नाक कोठे धरले असता वारा त्यास भलत्याच गावी नेणार नाही, हे कळते. तिच्या आजीने बराच वेळ हे निरखून पाहिले आणि विचारले, "मुहूर्त निघते काय वं ह्याच्यात?" नात म्हणाली, "निघतो आजी, पण पोचायचा." हे उत्तर आजीस पूर्णपणे पटले.

रेडिओवर बोलण्याचा परवाना निराळा असतो. हे प्रकरण पूर्वी दूरसंचार खात्याच्या अखत्यारीत होते; २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमाने ते विमान खात्याकडे वर्ग झाले, आणि एका दफ्तराचे हेलपाटे कमी झाल्याच्या वार्तेने माझ्यासारख्या जुन्या नोकरास जी हळहळ वाटावयाची ती वाटलीच. त्या परीक्षेच्या तयारीसाठी कन्या संध्याकाळी गच्चीवर उभी राहून, अस्तित्वात नसलेल्या विमानातून, खऱ्याखुऱ्या नागपूर मनोऱ्यास हाका मारीत असे. प्रत्येक अक्षरास जगन्मान्य उच्चार ठरलेला आहे, भारतीय विमानांची नावे 'व्हिक्टर टँगो' या अक्षरांनी आरंभ होतात, आणि दुर्दैवाने तिने आपल्या मनातल्या विमानासाठी निवडलेले पुढचे अक्षर 'पापा' असे उच्चारले जाते. ती गच्चीवरून "व्हिक्टर टँगो पापा" म्हणाली की खालून गृहस्थ "आलो बेटा, काय पाह्यजे?" म्हणत जिना चढू लागत. गुडघे दुखू लागल्यावर त्यांनी तक्रार केली, आणि मुलीने विमानाचे नाव बदलले. कल्पनेतल्या विमानाची नोंदणी इतक्या सुलभतेने बदलता येते. खऱ्याची कथा कांदिवलीच्या अमोल यादवांना विचारावी. या वैमानिकाने चारकोपातील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले, ते २०१६ साली मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात जगाने पाहिले, आणि त्याची नोंदणी व्हावयास २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. स्वतःच विमान बांधण्याचा हा मार्ग कन्येच्या धाकट्या भावाने सुचवला होता. आमच्या गच्चीवर पाण्याची टाकी, उन्हाळ्यात कुरड्या आणि हिवाळ्यात पतंग असल्याने जागेअभावी तो निकालात काढण्यात आला.

उरलेल्या मार्गांचा विचार करण्यासाठी रविवारी सकाळी कुटुंबाची परिषद भरली. तर्री-पोह्यांचे पातेले मध्यभागी होते, त्यामुळे उपस्थिती पूर्ण होती. आजोबांनी प्रारंभीच आपले ज्येष्ठत्व प्रस्थापित केले. ते टपाल खात्यात असताना त्यांनी सोनेगावच्या विमानतळावर रात्रपाळ्या केलेल्या आहेत. १९४९ च्या जानेवारीत सुरू होऊन १९७३ पर्यंत चाललेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही दिशांची विमाने मध्यरात्री नागपुरास येत, थैल्यांची अदलाबदल होई, आणि पहाटेपर्यंत जो तो आपापल्या गावी परत जाई. आजोबांच्या लेखी वैमानिक म्हणजे पत्रे वाहणारा इसम. आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी निराधारही नाही, कारण ज्या जे. आर. डी. टाटांनी १९२९ साली या देशातला पहिला वैमानिक-परवाना मिळवला, त्यांनी १९३२ च्या १५ ऑक्टोबरास कराचीहून जुहूला विमान आणले तेव्हा त्यातही टपालच होते. "अर्धी रात नागपुरात, सकायी आपल्या घरी," आजोबा म्हणाले, "हे बेस काम होतं. आताचे पायलट चार-चार दिवस घराकडे पाह्यत नाही म्हन्ते."

घराकडे पाहण्याचा विषय निघताच गोंदियाच्या मामांनी सूत्रे हाती घेतली. गोंदियाजवळ बिरसी येथे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेल्या धावपट्टीवर, राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था २००८ पासून चालू आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई ही कंपनी यांनी मिळून ती उभारली. परदेशी भांडवल, देशी धावपट्टी आणि कुंपणाबाहेर धानाची बांधी, हा योग इतरत्र मिळणे कठीण. मामांचे मुद्दे मात्र याहून सबळ होते. त्यांचे घर तेथे आहे, स्वतःची राइस मिल असल्याने भाताची टंचाई नाही, आणि विदर्भ एक्सप्रेस थेट जाते. भाऊ बोलत असताना कन्येच्या मातोश्रींचा चेहरा फुलत गेला. वैमानिकीचे अनेक मार्ग असून त्यांतला एक माहेरावरून जातो, ही माहिती त्यांना इतके दिवस कोणीच दिली नव्हती.

उत्तर प्रदेशातील फुरसतगंज येथे केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी आहे. तेथे प्रवेशपरीक्षा, मुलाखत, कल-चाचणी असे सर्व यथास्थित असल्यामुळे माझा कल तिकडे होता. सरकारी संस्थेत विलंब झाला तरी त्याची नोंद कोठेतरी राहते. मामांनी या प्रसंगी असे निदर्शनास आणले की, राजीव गांधी इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक होते आणि पुढे पंतप्रधान झाले. ओडिशाचे बिजू पटनायकही आधी वैमानिक आणि मग मुख्यमंत्री. तेव्हा या धंद्यात बढतीला वाव दिसतो. हा मार्ग मी वहीत 'इतर' या सदराखाली नोंदवला.

स्वगृहीचा मार्ग म्हणजे सोनेगावचा नागपूर फ्लाइंग क्लब. १९४७ साली स्थापन झालेल्या या संस्थेचा कारभार विभागीय आयुक्तांच्या देखरेखीखाली चालतो, ही गोष्ट कळताच गृहस्थ ताठ बसले. मधली कित्येक वर्षे तिचे उड्डाण बंद होते; पुन्हा परवाना मिळाला, चंद्रपूरजवळच्या मोरवा धावपट्टीचाही उपयोग होऊ लागला, आणि 'महाज्योती' या शासकीय संस्थेने इतर मागासवर्गीय व भटक्या-विमुक्त समाजांतील विद्यार्थ्यांस क्लबामार्फत वैमानिक करण्याची योजना हाती घेतली. ज्या मुलाच्या घरी विकण्यासारखे काही नाही त्यालाही हा मार्ग दिसावा, याबद्दल त्या योजनेस माझ्या वहीत एकही आक्षेप नाही. तेथल्या निवडयादीत नाव असणाऱ्यांनी आमचा हा सर्व ऊहापोह वाचण्याचीही गरज नाही. इकडे अमरावतीजवळ बेलोऱ्याच्या विमानतळावर एअर इंडियाने स्वतःची प्रशिक्षणशाळा काढण्याचे २०२४ साली जाहीर केले. ३४ विमाने आणि वर्षाकाठी १८० वैमानिक असा तिचा संकल्प. म्हणजे पूर्वेस गोंदिया, पश्चिमेस अमरावती, दक्षिणेस चंद्रपूर आणि मध्ये सोनेगाव. एवढ्या धावपट्ट्या भोवताली असताना मुलगी आजवर बसने कॉलेजात गेली कशी, याचेच मला नवल वाटू लागले.

आत्याबाईंचा आग्रह परदेशाचा होता. अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड येथे आकाश मोकळे, विमाने मुबलक, तास भराभर भरतात. परंतु परत आल्यावर तो परवाना भारतीय करून घेण्यासाठी पुन्हा परीक्षा, पुन्हा तपासण्या, पुन्हा कागद. विमान कंपन्यांच्या 'कॅडेट' योजनेत प्रवेशापासून खुर्चीपर्यंतचा रस्ता आखलेला असतो, आणि त्या आखणीचे मोल एक कोटीच्या घरात जाते. शिवाय कोणत्याही मार्गाने परवाना हाती आला तरी तो लहान विमानाचा. एअरबस किंवा बोइंग चालवण्यासाठी त्या जातीच्या विमानाचे निराळे शिक्षण, आणि त्याचे निराळे पंधरा-वीस लाख. हा शेवटचा आकडा ऐकून गृहस्थांनी पोह्यांवर दुसऱ्यांदा घेतलेली तर्री तशीच ठेवली.

ज्या मार्गात पैसे द्यावे लागत नाहीत, उलट मिळतात, त्याची वकिली कोपऱ्यावरच्या निवृत्त सार्जंटसाहेबांनी केली. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय नागपुरातच, वायुसेनानगरात आहे; तेथून निवृत्त झालेले ते पहाटे पाचला दाढी करतात. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची दारे मुलींना उघडून पहिली तुकडी २०२५ च्या मे महिन्यात खडकवासल्याहून बाहेर पडली. नागपूरचीच अंतरा मेहता २०२० साली हवाई दलाची लढाऊ वैमानिक झाली. नागरी बाजूस सौदामिनी देशमुख यांनी १९८५ साली कलकत्ता ते सिलचर या मार्गावर सर्व महिला कर्मचारी असलेल्या पहिल्या विमानाचे नेतृत्व केले, त्यालाही आता चाळीस वर्षे होऊन गेली, तेव्हा 'मुलीच्या जातीला' असा जो वाक्यारंभ आत्याबाई करू पाहत होत्या, तो सार्जंटसाहेबांनी मध्येच तोडला, हे उत्तम झाले. कन्येने मात्र नम्रपणे सांगितले की, आपणांस विमान चालवावयाचे आहे, युद्ध करावयाचे नाही. सार्जंटसाहेबांनी तिच्याकडे काही क्षण पाहिले आणि पोहे मागितले.

यावर मामांनी ड्रोनचा मार्ग मांडला. २०२१ च्या नियमांप्रमाणे दहावी उत्तीर्ण आणि वय १८ ते ६५ एवढ्या भांडवलावर दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र मिळू शकते. पाय जमिनीवर, डोळे आकाशात, आणि संत्र्याच्या बागेवर फवारणी करून मनुष्य जेवावयास घरी. माझे वय या मर्यादेपुढे गेलेले आहे. परंतु गृहस्थ त्यात बसतात, हे ध्यानात येताच त्यांच्या चेहऱ्यावर जी एक अस्पष्ट महत्त्वाकांक्षा चमकून गेली, ती मी आणि त्यांच्या पत्नीने एकाच वेळी पाहिली. त्यांनी पातेले उचलले आणि विषय संपला.

धंद्याच्या स्थैर्याविषयी मतभेद तीव्र होते. किंगफिशर २०१२ साली थांबली, जेट २०१९ च्या एप्रिलात, गो फर्स्ट २०२३ च्या मे महिन्यात. "तीन कंपन्या बुडाल्या, राइस मिल किती बुडाल्या ते सांगा," असे मामांचे आव्हान होते. दुसऱ्या बाजूस एअर इंडियाने २०२३ मध्ये ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, आणि ती विमाने कोणीतरी चालवणार, हेही खरे. आत्याबाईंची साक्ष या कामी निर्णायक ठरली. २०२५ च्या डिसेंबरात नव्या विश्रांतीच्या नियमांमुळे वैमानिक पुरेनात म्हणून देशभर हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा त्या पुण्याच्या विमानतळावर आपल्या पेटीवर बसून होत्या, आणि त्या दिवसापासून देशास वैमानिकांची नितांत आवश्यकता आहे, याविषयी त्यांना कोणाचे ऐकून घ्यावयाचे नाही. "पन विश्रांती किती?" गृहस्थांनी विचारले. आठवड्यातून सलग ४८ तास, असे कन्येने सांगितले. महाराष्ट्र शासनाचा पाच दिवसांचा आठवडा २०२० च्या फेब्रुवारीअखेर सुरू झाला. गृहस्थांनी मनातल्या मनात दोन्ही पडताळून पाहिले आणि बरोबरी मान्य केली. पुढे जेव्हा असे निष्पन्न झाले की, विमान कंपनीचा वैमानिक वयाच्या ६५ व्या वर्षापर्यंत उडू शकतो आणि ते स्वतः मात्र ५८ व्या वर्षी निवृत्त होणार आहेत, तेव्हा या व्यवसायाविषयीचा त्यांचा उरलासुरला संशय फिटला. सात वर्षांची जादा चाकरी ही गोष्ट त्यांना पन्नास लाखांहून मोठी वाटली.

मातोश्री या सर्व काळात थोडेच बोलल्या. अहमदाबादच्या २०२५ च्या जूनमधील विमान-अपघातानंतर त्यांनी कित्येक दिवस या विषयावर शब्द काढला नव्हता, आणि त्या मौनावर विनोद करण्याचा अधिकार मला नाही. त्या दिवशीही त्यांनी एवढेच विचारले की, वैद्यकीय तपासणीस बंगळूरला जावयाचे की दिल्लीला, आणि सोबत कोण जाणार.

कन्येने वैमानिक व्हावे, असा परिषदेचा ठराव झाला खरा, परंतु अंमलबजावणीसाठी आम्हांस एका बँकेत जावे लागले. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपुढे गेले की तारण लागते, आणि गृहस्थांजवळ तारण म्हणजे वाठोड्याकडे, बारा वर्षांपूर्वी हप्त्यांनी घेतलेला एक भूखंड. मुलीच्या परीक्षा किती झाल्या, तिची दृष्टी कशी आहे, तिला वाऱ्याचा ठिपका देता येतो की नाही, यांपैकी एकही प्रश्न तेथे निघाला नाही. अधिकाऱ्यांनी विक्रीपत्र पाहिले, सात-बारा पाहिला, अकृषक आदेश पाहिला, नागपूर सुधार प्रन्यासाचे, भूखंड नियमित झाल्याचे आर. एल. पत्र उजेडात धरून पाहिले, आणि तीस वर्षांचा शोध-अहवाल मागितला. ज्या जमिनीवरून मुलगी उडणार, तिच्या पूर्वीच्या सर्व मालकांची नावे बँकेस हवी होती. उडणारीचे नाव शेवटच्या रकान्यात एकदाच आले. एवढे होऊन मूल्यांकन असे झाले की, कर्ज तर मिळेल, पण त्यात तास भरतील सव्वाशे. उरलेले पाऊणशे तास, म्हणजे मुख्यतः रात्रीचे, उपकरणांचे आणि सागरी मैलांचे, अधांतरी राहतील.

माझा अहवाल मी या सुमारास सादर केला. २०२५ च्या ऑक्टोबरात महासंचालनालयाने देशातील उड्डाण-प्रशिक्षण संस्थांची पहिली प्रतवारी प्रसिद्ध केली, तीत 'अ' वर्ग एकाही संस्थेस मिळाला नाही. सर्व 'ब' आणि 'क'. ती यादी वाचून मला माझ्या खात्याची फार आठवण झाली, आम्हीही कोणास 'अ' देत नसू. सबब माझी शिफारस एवढीच की, संस्थेचे नाव, इमारत, माहितीपत्रकावरील हसरे चेहरे आणि मामाचे घर या चारही गोष्टी बाजूस ठेवून तीन आकडे लेखी मागवावेत: चालू स्थितीत विमाने किती, शिक्षक किती, आणि मागच्या तुकडीने दरमहा सरासरी किती तास उड्डाण केले. जो हे आकडे देईल त्याच्याकडे जावे. जो 'प्रत्यक्ष येऊन भेटा' म्हणेल त्याच्याकडे जाऊ नये. कन्येने त्याच रात्री पत्रे धाडली. गोंदियास जाण्याचे ठरले आहे, आणि ते आकड्यांवरून ठरले, असे मामांना अद्याप कोणी सांगितलेले नाही. हवामान आणि नियम हे दोन कागद ती उत्तीर्ण झाली आहे, मार्गनिर्देशनाचा निकाल यावयाचा आहे, आणि कर्जाऐवजी भूखंड विकूनच टाकावा, असे गृहस्थांनी पत्नीच्या संमतीने निश्चित केले आहे.

तरी वाचकांपैकी कोणास घेणे असल्यास: वाठोडा, पूर्वमुखी, ३० बाय ५०, आर. एल. झालेला, तीस फुटी रस्ता, नळाचे पाणी आलेले. सकाळी दहाच्या आत किंवा सायंकाळी सहानंतर नंदनवनात समक्ष भेटावे. कागदपत्रे मी स्वतः तपासलेली आहेत. दलालांनी तसदी घेऊ नये.